लाईन तीनचा घसा

हरिहर चौसाळकरांच्या घशात आठ महिन्यांपासून काहीतरी अडकलं होतं, आणि ते काय आहे हे खुद्द हरिहर सोडून सगळ्या पिंपरी-चिंचवडला ठाऊक होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त तलाठ्यांच्या मते ते दही होतं. बायकोच्या, म्हणजे अरुंधतीच्या, मावशीच्या मते केळं. कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसणाऱ्या स्टोअरकीपरनं चिंचवड ते चाकण या सव्वा तासात ते पित्त असल्याचं सप्रमाण सिद्ध केलं होतं, आणि मोशीला बस वीस मिनिटं अडकली त्या दिवशी त्यावरचा उपायही सांगून टाकला होता. हरिहरनी सगळ्यांचं ऐकलं. दही सोडलं, केळं सोडलं, चहा अर्ध्यावर आणला. हळद-दूध, आलं-मध, ज्येष्ठमधाची काडी, तुळशीचा काढा, सगळं त्या एका घशातून खाली गेलं. जे अडकलं होतं ते जागचं हललं नाही. उपाय लागू पडला नाही की सल्ला देणारा विचारायचा, कोमट पाण्यातूनच घेतलंत ना? हरिहर कबूल करायचे की पाणी जरा गरम होतं. मग तो माणूस समाधानानं मान हलवायचा.

तक्रार सांगायला सोपी आणि सोसायला अवघड होती. नाकाच्या मागून काहीतरी चिकट घशात उतरतंय असं दिवसभर वाटायचं. खाकरलं की सुटल्यासारखं व्हायचं, दोन मिनिटांत पुन्हा तेच. सकाळी पहिला घोट गिळताना आतून पॉलिश पेपर फिरल्यासारखं व्हायचं. ताप नाही, सर्दी म्हणावी अशी सर्दी नाही, रजा मागावी असं काहीच नाही. फॅमिली डॉक्टरांनी तीनदा अँटिबायोटिक दिलं. तिसऱ्या वेळी त्यांनी औषधाऐवजी हरिहरकडंच संशयानं पाहिलं.

हरिहर चौपन्न वर्षांचे. अंबाजोगाईहून डिप्लोमा करून आलेले, आणि गेली एकोणीस वर्षं चाकणच्या एकाच कारखान्यात. तिथं गाड्यांच्या ब्रेकचे भाग तयार व्हायचे आणि हरिहर ते तपासायचे. पण त्यांचं नाव होतं ते ऑडिटसाठी. गाड्या बनवणारी मोठी कंपनी वर्षातून एकदा आपला माणूस पाठवायची. तो जे जे विचारील त्याला, योग्य ती फाईल योग्य त्या पानावर उघडून, शांत आवाजात उत्तर देणारे म्हणजे चौसाळकर. एकोणीस वर्षांत चार प्लांट हेड बदलले, ऑडिटला उभा राहणारा माणूस बदलला नाही. हरिहरना आपल्या पगाराचा कधी अभिमान वाटला नव्हता, तशी वेळच कंपनीनं येऊ दिली नव्हती. या एका गोष्टीचा मात्र होता.

यंदाच्या ऑडिटला तीन आठवडे उरले असताना रंगीत तालीम झाली. हरिहर तासभर बोलले आणि एक्केचाळीस वेळा खाकरले. हा आकडा त्यांना कळला, कारण सलिलनं तो मोजला होता. सलिल म्हणजे एचआर मॅनेजर, वय एकोणतीस, मनानं वाईट नाही, पण मोजण्यासारखं काही दिसलं की राहवायचं नाही. प्लांट हेड हिंदुराव एवढंच म्हणाले की गिऱ्हाइकासमोर हे बरं दिसत नाही, आणि सलिलकडे पाहिलं.

या कारखान्यात कुठलीही अडचण नुसती अडचण म्हणून राहू शकत नसे, तिचा फॉर्म व्हायचा. त्या फॉर्मला सगळे वाय-वाय म्हणत. वरती दोष लिहायचा, खाली पाच चौकटी, प्रत्येक चौकटीत विचारायचं 'का?', आणि पाचव्या 'का'ला मूळ कारण हाती लागतं अशी सगळ्यांची श्रद्धा. सलिलनं हरिहरच्या घशाचा वाय-वाय उघडला. त्यात त्याला विनोदी असं काही वाटलं नाही.

चौसाळकर का खाकरतात? घशात कफ साठतो म्हणून. कफ का साठतो? थंड पितात म्हणून. हरिहर म्हणाले की आठ महिन्यांत मी माठातलंही पाणी प्यालेलो नाही. सलिल म्हणाला, त्याआधी प्याला असाल ना सर. थंड का पितात? सवय आहे म्हणून. सवय का आहे? दुष्परिणाम माहीत नव्हते म्हणून. माहीत का नव्हते? कुणी सांगितलं नाही म्हणून. मूळ कारण: माहितीचा अभाव. उपाय: प्रशिक्षण दिले. प्रशिक्षण सलिलनं तिथल्या तिथं, उभ्या उभ्या दिलं.

"सही केलीत की विषय बंद, सर," तो म्हणाला. "ऑडिटला तुम्हीच. खिशात गोळ्या ठेवा. नाही केलीत तर फॉर्म उघडा राहतो, आणि उघडा दोष आपण गिऱ्हाइकासमोर उभा करू शकत नाही. मग सलोनीला उभं करावं लागेल, आणि तुम्हाला वर रेकॉर्ड रूमला बसवावं लागेल."

सलोनी हरिहरच्या हाताखाली दोन वर्षं काम करत होती आणि हुशार होती, हे त्यातलं जास्त अडचणीचं.

हरिहरनी पेनचं टोपण काढलं आणि थांबले. फॉर्म वाईट भरला होता म्हणून नव्हे. तो फार ओळखीचा वाटला. एकोणीस वर्षांत अशा शेकडो फॉर्मांच्या तळाशी त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात हेच लिहिलं होतं: कामगारास माहिती नव्हती, प्रशिक्षण दिले. भोक तिरकं पडलं, माहिती नव्हती. ओरखडा उठला, माहिती नव्हती. लाईन तीनवरच्या गणराजला त्यांनी एका वर्षात अकरा वेळा प्रशिक्षण दिलं होतं, आणि त्यानंतर कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की त्याच्या मशीनचा एक पाय खचलाय. गणराज तेव्हा भांडला नव्हता. "साहेब, आता येकदा मशीनलाबी शिकवा," एवढंच म्हणाला होता.

हरिहरनी टोपण लावलं. उद्या देतो म्हणाले.

घरी अरुंधतीनं फॉर्म वाचला. ती चिंचवडच्या एका शाळेत गणित शिकवायची, त्यामुळं कुठलाही कागद हातात आला की आधी लाल पेन शोधायची. तिनं सांगितलं की दुसऱ्या पायरीला जे नुसतं गृहीत धरलंय त्यावरच पुढच्या तिन्ही पायऱ्या उभ्या केल्यात, नववीच्या पोराला मी यात शून्य दिलं असतं. मग कागद खाली ठेवून तिनं विचारलं, "आणि अहो, दुखतो घसा म्हणून दोष घशाचाच, हे कुणी ठरवलं?"

हे कुणीच ठरवलं नव्हतं. आठ महिने सगळे धरून चालले होते.

कान-नाक-घशाच्या डॉक्टर ऋचा चिंचवड स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर बसायच्या. त्यांनी हरिहरचा घसा अर्धा मिनिट पाहिला आणि मग बारीक दिव्याची नळी घालून नाक मात्र बराच वेळ पाहिलं. हरिहरनी डोळ्यांतलं पाणी पुसत आठवण करून दिली की तक्रार घशाची आहे.

"हो ना. घसा फिर्यादी आहे," त्या म्हणाल्या. "आरोपी वर बसलाय."

त्यांनी जे सांगितलं ते हरिहरना इतकं पटलं की आपण हे स्वतः का ओळखलं नाही याची लाज वाटली. नाकाचं अस्तर दिवसभर ओलावा तयार करतं, सगळ्यांचंच. तो मागच्या मागं घशात उतरतो आणि आपण नकळत गिळत राहतो. अस्तर कशानं तरी चिडलं, सुजलं, की तो ओलावा वाढतो, दाट होतो, आणि मग तो उतरताना जाणवायला लागतो. माणूस खाकरतो. खाकरणं म्हणजे खाजतंय म्हणून खरवडणं. जेवढं खरवडावं तेवढं सोलवटतं, आणि सोलवटलेल्या घशात काहीतरी अडकल्यासारखं आणखीच वाटतं. जंतूंचा यात हात दिसत नव्हता, म्हणून अँटिबायोटिकचा उपयोग झाला नव्हता. कधी पित्तामुळंही असं होतं, पण नाकाची अवस्था बघता आधी नाकाकडे बघू, असं त्यांचं म्हणणं पडलं. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं रोज दोनदा नाक धुवायचं. नाकात मारायचा फवारा नेमानं घ्यायचा, चार दिवसांत गुण नाही म्हणून सोडायचा नाही. आणि खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्यायचं.

मग त्यांनी विचारलं, "काका, या आठ महिन्यांत कधीच बरं वाटलं नाही?"

चौपन्नाव्या वर्षी काका म्हटलेलं हरिहरना आवडत नसे, पण प्रश्न चांगला होता. मे महिन्यात भाचीच्या लग्नाला ते आठ दिवस अंबाजोगाईला होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घसा असा काही मोकळा झाला की मंगलाष्टकं त्यांनीच म्हटली. डॉक्टरांनी तिथलं खाणंपिणं विचारलं. हरिहर जरा ओशाळले. तिथं त्यांनी मठ्ठा प्यायला होता, आईस्क्रीम खाल्लं होतं, शिकरण दोनदा वाढून घेतलं होतं. बंदी घातलेलं सगळं आठ दिवसांत उरकलं होतं.

"म्हणजे जे खाल्लं त्यानं काही झालं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मग असं काय आहे, जे इथं रोज आहे आणि तिथं नव्हतं?"

आठ महिन्यांत कुणीतरी विचारलेला हा पहिला खरा 'का' होता. डॉक्टरांनी पुढं बजावलं की ते कारखान्यातलंच आहे असं मी लिहून देणार नाही, कारण मला माहीत नाही. मी नाकात बघू शकते, कारखान्यात नाही. शोधणं तुमचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी हरिहर आपल्या तपासणीच्या टेबलाशी गेले आणि भाग तपासायच्या ऐवजी टेबलच तपासायला लागले. पूर्वी हे टेबल काचेच्या खोलीत असायचं. दिवाळीनंतर फर्मान निघालं की भाग जिथं बनतो तिथंच तपासायचा, आणि टेबल लाईन तीनच्या कुशीत आणून ठेवलं. लाईन तीनवर आठ मशीन. लोखंड कापताना ते तापू नये म्हणून त्यावर दुधासारखं पांढरं, तेलकट पाणी सारखं मारायचं. त्याला कूलंट म्हणतात. तापल्या लोखंडावर पडून त्यातलं थोडं धुकं होऊन उडतं. ते धुकं ओढून घ्यायला वर पेट्या बसवलेल्या, पेट्यांत फिल्टर.

टेबलाची काच पुसायला दुर्गाबाई आल्या. त्या जवळच्या कुरुळी गावच्या, ठेकेदाराकडून साफसफाईला लागलेल्या, बोलणं मोजकं. हरिहरनी त्यांच्या हातातलं फडकं मागून घेतलं आणि वास घेतला. दुर्गाबाईंनी पदर सावरला. साहेब लोकांचं काही सांगता येत नाही.

या लाईनवर पुसायला पूर्वीही इतकंच लागायचं का, असं हरिहरनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हितल्या मशीनच्या काचा दिवाळीआधी येका फडक्यात व्हायच्या. आता तीन लागत्यात. तुपावानी थर बसतुया काचंवर."

हरिहरनी विचारलं की मग आजवर कुणाला सांगितलं का नाही.

"कुनाला? आमच्याकडं फॉर्म न्हाई," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि तोंड फिरवून पदराआड खाकरल्या. मशीनच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. हरिहरना त्यांचे खांदे हललेले फक्त दिसले.

त्यांनी तक्ता आखला. तक्ता आखल्याशिवाय त्यांना कशाचंच दुःख नीट होत नसे. तीन दिवस ते माणसामाणसाला भेटून, घशाचं विचारून, रेघा मारत फिरले. लाईन तीनवर, ते स्वतः आणि दुर्गाबाई धरून, अकरा माणसं. नऊ जणांना तेच. कुणाचा घसा सकाळी बसलेला, कुणी झोपलं की घशात उतरतं म्हणून दोन उशा घेणारं, कुणाचं दोनदा अँटिबायोटिक झालेलं. पलीकडच्या टोकाला लाईन एकवर बारा माणसं, त्यांत दोघं, आणि त्यातला एक विड्या ओढणारा. हरिहर सोडून बाकीच्या आठांपैकी एकानंही तक्रार केली नव्हती. गणराजनं कारण सांगितलं, "आमाला वाटलं साहेब, तुमचंच आमाला लागलं. मग तुमालाच कसं सांगावं."

चौथ्या दिवशी त्यांनी मेंटेनन्सच्या माणसाकडून शिडी लावून घेतली आणि पेटी उघडायला लावली. आतला फिल्टर काळा, चिंब, भिजल्या गोणपाटासारखा झालेला. बाहेर कार्ड लटकत होतं: बदलण्याची मुदत, बारा महिने. पूर्वी तीन असायची. ती बारा कशी झाली हे शोधायला लांब जावं लागलं नाही, कारण त्याचं प्रशस्तिपत्र कँटीनमध्ये फ्रेम करून लावलं होतं. सुधारणा स्पर्धा, पहिला क्रमांक, लाईन तीनच्या फिल्टरचं आयुष्य चौपट. शेजारी ढाल घेतलेले हिंदुराव. आठ महिने लाईन तीन त्या फोटोखाली बसून जेवत होती.

हरिहरनी त्या सुधारणेची मंजुरीची फाईल काढली. सहा सह्या होत्या. चौथ्या रकान्यात छापलेलं: गुणवत्तेवर परिणाम. आणि त्यापुढं, वळणदार अक्षरात: नाही. ह. चौसाळकर.

खोटं नव्हतं ते. त्या वेळी त्यांनी पंधरा दिवस घालवून हजार भाग मोजले होते, आणि हजारही भाग उत्तम निघाले होते. ब्रेकच्या भागाला नाक नसतं. हरिहरनी सहीचं पान पुन्हा एकदा वाचलं. जेवायची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तेव्हा उठले.

नवा फॉर्म त्यांनी त्याच दुपारी भरला. दोष: लाईन तीनवर अकरापैकी नऊ जणांचे नाक व घसा. अस्तर का चिडतं, हवेत तेलाचं धुकं म्हणून. धुकं का राहतं, फिल्टर तुंबलाय म्हणून. का तुंबलाय, मुदत तीनची बारा केली म्हणून. कशी केली, सहा जणांनी मंजुरी दिली म्हणून. आणि पाचवी चौकट: मंजुरी देताना भाग तपासले, माणसं तपासली नाहीत. तपासणारा: ह. चौसाळकर. 'प्रशिक्षण दिले' या छापील ओळीवर त्यांनी पट्टी धरून रेघ मारली. खाली लिहिलं की फिल्टर बदला, मुदत पूर्वीची करा, सगळ्यांना डॉक्टरकडे पाठवा, आणि हेच कारण आहे का याची खात्री तीन महिन्यांनी पुन्हा मोजून करा.

नऊ जणांनी खाली सह्या केल्या. सलिल म्हणाला की दुर्गाबाई ठेकेदाराच्या आहेत, कंपनीच्या नाहीत, त्यांची सही चालत नाही. दुर्गाबाईंनी तो बोलत असतानाच करून टाकली.

हरिहरनी फॉर्म लाईन तीनच्या बोर्डावर लावला आणि त्यावर उघड्या दोषाची लाल चकती चिकटवली. बोर्डाचा नियम असा होता की ज्यानं फॉर्म लावला त्याच्याच सहीनं तो बंद होतो. परस्पर फाडावा तर प्रत्येकाला अनुक्रमांक, आणि मधलाच एक क्रमांक गायब दिसला तर ऑडिटर उरलेले सगळे उचकटतो. हा नियम नऊ वर्षांपूर्वी हरिहरनीच केला होता आणि तेव्हा तो सगळ्यांना जाचक वाटला होता.

हिंदुरावांनी केबिनला बोलावलं. चहा मागवला. ते चिडले नव्हते. चिडण्याची त्यांची पद्धत नव्हती, ते समजूत काढायचे. त्यांचं म्हणणं असं की फिल्टर काय, ऑडिट झालं की बदलून टाकू. कार्डावरच्या मुदतीचं मात्र बघावं लागेल, ढाल मुंबईच्या ऑफिसातून मिळाली आहे. तो कागद काढा, सलिलच्या कागदावर सही करा, ऑडिटला तुम्हीच उभे राहा. तुमच्याशिवाय ऑडिट म्हणजे काय राव.

शेवटचं वाक्य हरिहरना लागलं, कारण ते खरं होतं आणि त्यांना हवं होतं. एकोणीस वर्षं. त्यांना घोटभर पाणी प्यावं लागलं.

"साहेब," ते म्हणाले, "सलिलच्या फॉर्मवर लिहिलंय की मला माहिती नव्हती. आता आहे. मग सही कशी करू?"

"मंजुरीवर तुमचीच सही आहे, चौसाळकर. आधी तुम्ही अडकाल."

"म्हणून तर नाव लिहिलंय."

सोमवारपासून हरिहर रेकॉर्ड रूममध्ये बसायला लागले. तिसरा मजला, लोखंडी कपाटं, एक ट्यूबलाईट. सलोनी दिवसातून चारदा वर यायची, फाईल विचारायला. तिचे डोळे आधी खाली असायचे, मग हळूहळू वर यायला लागले. हरिहरनी तिला सगळं सांगितलं, एकही पान हातचं न राखता. हे करताना आपला मोठेपणा आपल्याला जाणवावा असं त्यांना वाटलं होतं, पण जाणवला तो फक्त मत्सर.

आणि या शिक्षेच्या जागी एक वेगळीच पंचाईत झाली. रोज मिठाचं पाणी, रोज फवारा आणि वर धुक्याचा पत्ता नाही. दुसऱ्या आठवड्यात घसा निवळायला लागला. सकाळचा पॉलिश पेपर गेला. दिवसात दहा-बारा वेळा खाकर यायची, तीही पाण्याच्या घोटावर परत जायची. सलिलच्या हे लक्षात आलं. तो मोजतच होता. एका दुपारी तो वर आला आणि अगदी आपुलकीनं म्हणाला की सर, आता तर तुम्हाला बरं वाटतंय. मग तो फॉर्म कुणासाठी?

प्रश्न सरळ होता. टेबल सोडून वर आलेला माणूस बरा होतो, म्हणजे खाली राहिलेल्यांना काय होतंय ते आता जवळपास कळलंच होतं. "खाली आठ जण आहेत," ते म्हणाले. सलिलनं कपाटांकडे पाहिलं आणि तो खाली गेला.

ऑडिटच्या दिवशी सकाळी तो पुन्हा आला, हातात पेन. पहाटे फिल्टर बदलला होता. आता कृपा करून बंद करा, साहेबांनी सांगितलंय की लगेच टाय लावून खाली या, फाईली तुमच्याच हातात. हरिहरनी विचारलं की कार्डावर मुदत किती आहे. सलिल म्हणाला, बारा. मग तो म्हणाला, सर, कार्ड कोण वाचतं?

हरिहरनी पेन घेतलं नाही. सलिल गेला, आणि ते कपाटाशी उभे राहून खालचे आवाज ऐकत राहिले, इतक्या वरून काही ऐकू येत नाही हे माहीत असूनही.

अकराच्या सुमारास सलोनी धावत वर आली. ऑडिटर लाईन तीनच्या बोर्डाशी थांबलेत. मी सांगितलं की बाकी सगळ्याचं उत्तर मी देते, पण हा फॉर्म ज्यांनी लावला तेच त्याच्याबद्दल बोलतील. हिंदुराव म्हणाले ते उपलब्ध नाहीत. मी म्हटलं, आहेत.

ऑडिटर म्हणजे अर्जुनराव नावाचे साठीकडे झुकलेले गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवून वाचणारे. लाईनवर सगळे आपापल्या जागी, आणि सगळ्यांचे गाल एका बाजूनं फुगलेले. सलिलनं सकाळीच लाईन तीनला घशाच्या गोळ्या वाटल्या होत्या आणि ऑडिटर जाईपर्यंत चघळायच्या असं सांगितलं होतं. अर्जुनरावांनी फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सह्यासुद्धा वाचल्या.

"ह. चौसाळकर तुम्ही? मूळ कारणात स्वतःचं नाव लिहिणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय."

हरिहर म्हणाले की पाचवा 'का' तिथंच जाऊन पोचला.

हिंदुरावांनी मागून सांगितलं की फिल्टर आजच बदललाय, विषय तसा संपलेला आहे, फक्त सही राहिली आहे. अर्जुनरावांनी हरिहरकडे पाहिलं. "संपला?"

मान हलवली असती तरी पुरलं असतं. सलोनीच्या हातातल्या फाईली दोन पावलांवर होत्या, आणि हिंदुरावांचा चेहरा म्हणत होता की त्या अजून तुमच्या आहेत.

"नाही," हरिहर म्हणाले. "फिल्टर बदललाय. कार्डावर मुदत अजून बारा महिन्यांचीच आहे. आणि इथले आठ जण अजून खाकरतायत."

"मला तर कुणाचं ऐकू आलं नाही," अर्जुनराव म्हणाले.

दुर्गाबाईंनी गालातली गोळी काढली, फडक्याच्या कोपऱ्यात गुंडाळली आणि खाकरल्या. पदर आड न धरता. मग गणराज खाकरला. मग पलीकडच्या मशीनवरचा एकजण, मग आणखी दोघं. वैद्यकीयदृष्ट्या हे अगदी चुकीचं होतं. डॉक्टरांनी बजावलेलं हरिहरना आठवत होतं. त्यांनी कुणाला थांबवलं नाही.

अर्जुनराव पहाटेपासून पेटीला लावलेल्या शिडीवर दोन पायऱ्या चढले, चष्मा कपाळावर चढवून कार्ड वाचलं, आणि वहीत बराच वेळ लिहीत राहिले. हिंदुराव त्यांच्या पेनाकडे बघत होते.

ऑडिटर जेवायला गेल्यावर हिंदुराव बोर्डाशी परत आले. आवाज नेहमीचाच होता. "तुम्ही वरच बसा, चौसाळकर."

"बसतो, साहेब," हरिहर म्हणाले. "फॉर्म मात्र खालीच राहील."